माया

सेक्टर पंधरा, कोपरखैरणे. जिन्याखालचं माझं दुकान:
मशीन, एक स्टूल, आणि आरसा, तोही कमरेपासून खालचाच,
वरचा तुकडा जागा बदलताना फुटला.
निनाद गव्हाणे त्यासमोर उभा राहायचा तेव्हा
त्याला स्वतःचं तोंड दिसायचं नाही.
नुसते पाय.

पहिलं माप वहीत आहे, २०१६, डिसेंबर:
उंची साडेछत्तीस, कंबर तीस, मांडी बावीस.
"काकू, खाली जरा लांब ठेवा, बुटावर पडू दे."
मी म्हटलं, बुटावर पडलं की माणूस आणखी बुटका दिसतो.
हे बोलायला नको होतं.

मग दीड वर्ष आला नाही.
महापेच्या कंपनीतून बिनपगारी रजा, बँकेचं कर्ज,
हे त्याच्या आईने सांगितलं, ब्लाउजला हुक लावून घेताना,
खाली बघत.
दोन्ही नडग्या कापल्या. धडधाकट पोराच्या.
आत सळई, आणि रोज एक मिलिमीटर,
तोही एका दमात नाही,
सकाळी पाव, दुपारी पाव, तिन्हीसांजेला पाव, झोपताना पाव.
मधली फट हाड भरून काढतं म्हणे, आपलं आपण.

ती गेल्यावर मी टेप काढून मिलिमीटर शोधला.
सोळा नंबरची सुई, जीनसाठी लावते ती,
बरोब्बर तेवढी जाड.
रोज एक सुई.
त्रेसष्ट दिवस.

आला तेव्हा दारातच वाकला, डोकं आपटेल म्हणून.
आपटलं नसतं.
उंची एकोणचाळीस. मांडी तीच. बाही तीच.
गुडघ्याची खूण जुन्याच जागी,
त्याच्याखाली पोटरी चालतच गेलेली,
आणि बाजूला दोन हात, आधीच्या माणसाचे.
"टाच टेकव," मी म्हटलं.
"टेकवलीय काकू."
टाच अधांतरी होती. मी वर बघितलं नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण जिभेवर आली,
टाचण्या तोंडात होत्या म्हणून बरं.

आम्ही कापडाला माया सोडतो.
शिवणीच्या आत बोटभर,
उद्या पोट सुटलं, पोर वाढलं, तर उसवून द्यायला.
ती किती, हे बाहेरून दिसत नाही,
उलटं करून बघावं लागतं.
हाडाला आहे थोडी. स्नायूला त्याहून कमी.
नसेला जवळजवळ नाहीच.
हे मला त्यानेच सांगितलं, पुढे चार वर्षांनी,
स्टुलावर बसून,
कारण उकिडवं आता बसता येत नाही.
डाव्या पायाचा अंगठा उचलत नाही, चप्पल मागे राहते.
पामबीचला पळायला जायचा, ते बंद.
थंडीत गुडघा आधी उठतो, मग तो.
पन्नाशीत काय होईल, विचारलं होतं त्याने.
डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

मी विचारलं, पुन्हा केलं असतंस?
बराच वेळ मशीनचं चाक फिरवत बसला, बिनदोऱ्याचं.
"तीन इंच ठरले होते काकू.
अडीचवर नस ओरडली, थांबवलं.
तो अर्धा इंच
अजून मोजतो मी."

माप घेतलं. डावा एकोणचाळीस,
उजवा पाव इंच कमी.
पुन्हा घेतलं. तेच.
वहीत एकच आकडा लिहिला, त्याला दिसेल असा,
आणि कात्री दोन आकड्यांवर चालवली.
उजवीकडची दुमड पाव इंच जास्त घेतली,
आतून, हाताने, त्याच रंगाच्या दोऱ्याने.

घालून आला. आरशासमोर उभा राहिला.
दोन्ही पाय सारखे.
बोटाने उजवी कड चाचपली.
"काकू, ही इकडे जाड का लागतेय?"

कापड उरलं होतं, मी म्हटलं.